तीन सेकंदांची रॅली, दहा तासांचा दिवस : टेबल टेनिस खेळणाऱ्यांनी काय खावं आणि कधी

टेबल टेनिसची स्पर्धा पहिल्यांदाच बघायला आलेले पालक हमखास विचारतात, "पंखे का बंद ठेवलेत?" बाहेर मे महिना, आत शे-दीडशे माणसं, खिडक्यांना जाड पडदे आणि छताचे पंखे बंद. उत्तर चेंडूत आहे. त्याचा व्यास ४० मिलिमीटर आणि वजन जेमतेम २.७ ग्रॅम. पंख्याचा झोत लागला की तो वाट सोडतो, आणि खिडकीतून उन्हाची तिरीप आली की पांढरा चेंडू दिसेनासा होतो. म्हणून जिथे वातानुकूलित हॉल नाही, तिथे मुलं कोंडलेल्या हवेत, घामाने निथळत दिवसभर खेळतात.

दिवसभर, हे अक्षरशः खरं आहे. आपल्याकडच्या जिल्हा किंवा राज्य मानांकन स्पर्धेत चौदा-पंधरा वर्षांची मुलगी स्वतःच्या वयोगटात खेळतेच, शिवाय वरच्या एक-दोन गटांतही नाव देते. साडेआठला हजेरी, पहिली मॅच नऊ-सव्वानऊला, शेवटची संध्याकाळी सात-साडेसातला. मध्ये पाच, सहा, कधी आठ मॅच. पुढची नेमकी कधी, हे कोणालाच सांगता येत नाही. माइकवर नाव पुकारलं की बॅट घेऊन टेबलाशी धावायचं. मी आहारतज्ज्ञ म्हणून अशा मुलांसोबत काम करते. मॅच चालू असताना काय खायचं-प्यायचं हे पटकन सांगून होतं. खरी कसोटी दोन मॅचच्या मधल्या वेळात लागते, आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं.

स्नायूंची बॅटरी, मेंदूची चूल

एक रॅली साधारण तीन-चार सेकंदांत संपते. मग चेंडू उचलायचा, श्वास घ्यायचा, पुढची सर्व्हिस ठरवायची, यात त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो. त्या तीन सेकंदांसाठी लागणारी ताकद स्नायूंतच तयार असते. एटीपी आणि फॉस्फोक्रिएटीन नावाचे रेणू ती धरून ठेवतात. ही अगदी छोटी बॅटरी आहे असं समजा. जोरकस फोरहँड टॉपस्पिनचे चार-पाच फटके मारले की ती बरीच उतरते, आणि रॅलीनंतरच्या विश्रांतीत रक्तातला ऑक्सिजन वापरून पुन्हा चार्ज होते. चारशे मीटर धावणाऱ्याच्या पायात जी आग होते ती टेबल टेनिसमध्ये सहसा होत नाही. मॅचदरम्यान खेळाडूच्या रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे जोरदार श्रमांत स्नायूंत तयार होणारं द्रव्य, मोजलं, तर ते फारसं वाढलेलं दिसत नाही.

ऐकायला बरं वाटतं, पण यातच गोम आहे. फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचे पाय बोलायला लागतात आणि त्याला कळतं, आपण संपत आलो. टेबल टेनिस खेळणाऱ्याला अशी सूचना मिळत नाही. पाय चालतात, हात चालतो, फक्त सर्व्हिस थोडी उंच पडते. समोरच्याने चेंडूला खालून फिरकी दिलीय की बाजूने, याचा अंदाज चुकतो. शेवटच्या गेममध्ये ८-८ असताना मुलगा तोच फटका मारतो जो आधी तीनदा बाहेर गेलाय. प्रशिक्षक म्हणतात, "लक्ष कुठंय?" पुष्कळदा लक्ष जागेवरच असतं, पोट सकाळपासून रिकामं असतं.

ताशी ७० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू चार मीटरचं अंतर सुमारे ०.२ सेकंदात पार करतो. डोळ्यांना काही दिसून हात हलायला माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे चेंडू पाहून मग फटका ठरवायला वेळच नसतो. प्रतिस्पर्ध्याचं मनगट, बॅटचा कोन, खांद्याची हालचाल यांवरून आधीच ताडावं लागतं. हे काम मेंदूचं. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीत शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातली सुमारे २० टक्के एकटा खातो. दिवसाला त्याला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे तासाला पाच ग्रॅम, अगदी झोपेतसुद्धा. ही चूल कधी विझत नाही.

रात्रभर तिला सरपण पुरवतं यकृत. त्यात मोठ्या माणसाच्या बाबतीत सुमारे १०० ग्रॅम ग्लुकोजचा साठा मावतो, आणि रात्री नऊला जेवून सकाळी सातला उठेपर्यंत त्यातला मोठा भाग खर्च झालेला असतो. स्नायूंमध्ये याच्या कितीतरी पट जास्त साठा असतो, पण स्नायू तो परत रक्तात सोडत नाहीत, स्वतःच वापरतात. सकाळी काहीही न खाता खेळायला उतरलेल्या मुलीचे पाय म्हणूनच ताजेतवाने असतात आणि डोकं मात्र अर्ध्या साठ्यावर चालत असतं.

"रिकाम्या पोटी अंग हलकं राहतं," हे वाक्य मी जुन्या खेळाडूंकडून खूप ऐकलंय. त्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही, पण ते २१ गुणांच्या गेममध्ये वाढले. २००१पासून गेम ११ गुणांचा झाला. २१ गुणांत पहिले पाच गुण झोपेत गेले तरी सावरायला जागा होती. आता ०-५ म्हणजे अर्धा गेम गेला.

मॅचच्या दिवशीची सकाळ

नऊची मॅच असेल तर साडेसहा-सातला नाश्ता. खेळाडूंसाठीच्या आहारशास्त्रात साधा हिशेब आहे : खेळण्याच्या एक ते चार तास आधी शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदकं. जितका वेळ जास्त हातात, तितकं जास्त खाता येतं. पन्नास किलो वजनाच्या मुलीला दोन तास आधी ८० ते १०० ग्रॅम चालतात. साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांचे कांदेपोहे म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम, एक केळं २० ते २५, आणि पेलाभर दुधात १०. झालं की जवळजवळ. पोह्यांऐवजी उपमा, इडली, तूप-गूळ-पोळी, मऊ भात, काहीही चालेल. नको असतो तो तेलकटपणा. स्निग्ध पदार्थ पोटातून हळूहळू पुढे सरकतात, आणि पोटात रेंगाळलेलं अन्न घेऊन टेबलाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्यात झेपावणं नकोसं होतं. मिसळ, वडे, भरपूर शेंगदाणे घातलेली साबुदाणा खिचडी मॅच संपल्यावर खा, आणि मनापासून खा.

काहींना मॅचच्या सकाळी घासच गिळवत नाही. ती घाबरलेली असतात, त्यांना रागावून उपयोग नाही. अशा वेळी प्यायला द्या : दुधात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व, केळ्याचं मिल्कशेक, पातळ आंबील. पातळ पदार्थ घाबरलेल्या पोटातही उतरतो. आणि कुठलाही नवा पदार्थ स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका. एखाद्या रविवारी, सरावाच्या आधी, तोच नाश्ता तेवढ्याच वेळेला देऊन बघा. पोट बिघडायचं असेल तर ते तेव्हा बिघडू दे.

चमचाभर ग्लुकोज पावडर तोंडात टाकून कोर्टवर जायची सवय आजही दिसते. मॅचच्या अर्धा-पाऊण तास आधी रिकाम्या पोटी नुसती साखर खाल्ली, तर काहींच्या बाबतीत इन्शुलिन वाढतं आणि रक्तातली साखर उलट खाली येते, हातपाय गळल्यासारखं वाटतं. बहुतेकांना काही होत नाही, वॉर्म-अप सुरू झाला की पातळी सावरते. पण ज्यांना होतं त्यांना ते पहिल्याच गेममध्ये होतं. नाश्ता नीट झाला असेल तर त्या पावडरची गरजच उरत नाही.

दोन मॅचच्या मध्ये

स्पर्धेच्या ठिकाणी काय मिळतं? वडापाव, समोसा, चिप्स, थंड पेयं, कुठे नशीब असेल तर इडली. मूल एकची मॅच होईपर्यंत काही खात नाही, मॅच हरलं किंवा जिंकलं की दोन वडापाव खातं, आणि वीस मिनिटांत दुसऱ्या गटासाठी त्याचं नाव पुकारलं जातं. हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता पालकांना मी भेटल्या भेटल्या डबा दाखवायला सांगते.

डब्याचा नियम एकच : पुढच्या मॅचला किती वेळ आहे ते बघायचं, आणि वेळ माहीत नसेल तर कमीत कमी धरायचा. अर्ध्या तासाच्या आत पुकारा होऊ शकतो असं वाटत असेल तर अर्धं केळं, दोन-तीन खजूर किंवा लिंबू सरबताचे काही घोट. याने पोट भरत नाही, भरायचंही नसतं. तासभर असेल तर आख्खं केळं, किंवा गूळ आणि अगदी थोडं तूप लावलेली पोळीची गुंडाळी. पोळीचे लहान तुकडे करून ठेवले की मूल एका हाताने खातं आणि दुसऱ्या हाताने बॅटचं रबर पुसतं. दोन तास असतील तर इडली, पोहे, दहीभात. दहीभात उन्हाळ्यात मात्र जपून. सकाळी सहाला कालवलेला दहीभात बंद हॉलमध्ये दुपारी दोनपर्यंत आंबतो. कोमट दूध-भातात चमचाभरच दही घालून नेलं की दुपारपर्यंत बरं लागतं, किंवा बर्फाची पिशवी ठेवलेल्या डब्यात न्यायचं. तीन तासांहून जास्त वेळ आहे अशी आयोजकांकडून खात्री करून घेतली असेल, तरच वरण-भात-भाजीचं जेवण.

एवढं सगळं कशासाठी, असं वाटेल. टेबल टेनिसमध्ये फुटबॉल किंवा पोहण्याइतके उष्मांक जळत नाहीत हे खरं आहे. ताटभर जास्तीच्या भाताची गरज एका मॅचमुळे पडत नाही. पण सहा मॅच, प्रत्येकीआधीचा वॉर्म-अप, उकाडा, आणि दहा तास ताणलेलं डोकं, ही बेरीज मोठी होते. बर्मिंगहॅमला २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत शरथ कमल चाळिसाव्या वर्षी चार प्रकारांत अंतिम फेरीत पोहोचला : सांघिक, मिश्र दुहेरी आणि एकेरीत सुवर्ण, पुरुष दुहेरीत रौप्य. एका प्रकारातून दुसऱ्यात असं दिवसेंदिवस खेळत राहणं काय असतं, ते आपल्या जिल्हा स्पर्धेतल्या तीन गटांत खेळणाऱ्या मुलीलाही छोट्या प्रमाणात कळतं.

उपवासाचा विषय घरोघरी निघतो. संकष्टी, एकादशी, नवरात्र, आणि नेमकी त्याच दिवशी उपांत्य फेरी. उपवास मोडा असं मी कोणाला सांगत नाही. उकडलेली रताळी, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, केळी, खजूर, वरीचा भात आणि ताक यांवर मॅचचा दिवस व्यवस्थित निघतो. रताळ्यासारखा सोयीचा खेळाडूंचा पदार्थ दुसरा नाही. निर्जळी उपवास आणि मॅच मात्र एका दिवशी नको.

घाम, पाणी आणि चिमूटभर मीठ

दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खेळाडूंना हे वेगळं सांगायला नको. घाम वाळला तर अंग थंड होतं, नुसता ओघळला तर पाणी जातं आणि उष्णता तशीच राहते. वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त पाणी गमावलं की एकाग्रता आणि दम दोन्ही उतरायला लागतात. पन्नास किलोच्या मुलीसाठी २ टक्के म्हणजे एक किलो.

आपला घाम किती, हे घरच्या घरी मोजता येतं. सरावाआधी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. दोन तासांच्या सरावानंतर अंग पुसून पुन्हा करायचं. वजन ६०० ग्रॅमने घटलं आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलं असेल, तर घाम सुमारे १.१ लिटर, म्हणजे तासाला साधारण अर्धा लिटर. असं उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा केलं की कोणाच्या सांगण्यावर अवलंबून राहावं लागत नाही. एकाच सरावगटातल्या दोन मुलांचा आकडा दुपटीने वेगळा आलेला मी पाहिलाय.

मॅचच्या दोन-तीन तास आधी पन्नास किलोच्या मुलीने २५० ते ५०० मिलिलिटर पाणी सावकाश प्यावं. मॅचमध्ये दर सहा गुणांनंतर टॉवेलने घाम पुसायला थोडा वेळ मिळतो आणि दोन गेमच्या मध्ये एक मिनिट. त्या मिनिटात प्रशिक्षकांचं ऐकायचं असतं, श्वास शांत करायचा असतो, आणि दोन-तीन घोट प्यायचे असतात. गटागटा नाही. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसं आहे, गडद असेल तर कमी पडतंय. अगदी पाण्यासारखी, सारखी सारखी होत असेल, तर जास्त होतंय. दिवसभर नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर प्यायल्याने रक्तातलं सोडियम खूप खाली जाऊ शकतं आणि ते धोक्याचं असतं.

दुकानातल्या रंगीत स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये मुख्यतः पाणी, साखर, मीठ, रंग आणि वास असतो. घरी करायचं तर एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, सपाट पाव चमचा मीठ आणि दोन लिंबं. साखर एकदा वजनकाट्यावर मोजून घ्या, मग चमचे लक्षात राहतात. असं अर्धा लिटर सरबत तासाभरात प्यायलं की ३० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. तासाहून जास्त चालणाऱ्या खेळासाठी तासाला ३० ते ६० ग्रॅम सुचवतात, त्यात हे बसतं. लिंबाऐवजी कोकम घातलं तर मला जास्त आवडतं, आणि मुलंही ते आपणहून पितात. साखर याहून वाढवू नका. घट्ट गोड पेय पोटात पडून राहतं. जुलाबासाठीचं ओआरएस ही वेगळी गोष्ट आहे. त्यात मीठ जास्त आणि साखर बरीच कमी असते. खूप घाम गाळणाऱ्याला ते एखाद्या दिवशी चालेल, पण खेळताना लागणारी ऊर्जा त्यातून फारशी मिळत नाही.

आणखी एक गमतीची गोष्ट. सायकलपटूंवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की गोड पेय नुसतं तोंडात खुळखुळवून थुंकून टाकलं तरी सुमारे तासाभराच्या जोरदार श्रमांत कामगिरी थोडी सुधारते. तोंडातल्या संवेदकांकडून मेंदूला खबर जाते की खाणं येतंय, आणि तो हात सैल सोडतो. पोट डचमळत असलेल्या मुलाला निर्णायक गेमआधी एवढं करायला सांगता येतं.

स्पर्धा नसते तेव्हाचं जेवण

वर्षातले तीस-चाळीस दिवस स्पर्धेचे, बाकीचे सरावाचे, आणि सराव मॅचपेक्षा जास्त दमवतो. मल्टिबॉलमध्ये प्रशिक्षक टोपलीतले चेंडू एकामागून एक सोडत राहतात. फॉल्कनबर्गसारख्या फूटवर्कच्या सरावात बॅकहँड, कोपऱ्यात वळून फोरहँड, मग दुसऱ्या टोकाला फोरहँड, असं सतत पळावं लागतं. तिथे दोन रॅलींमधली विश्रांती नसते.

सगळ्यात मोठी चूक संध्याकाळी चार ते सात या वेळात होते. मुलगी शाळेत साडेबाराला डबा खाते. साडेतीनला सुटते. बस किंवा लोकल पकडून साडेचारला सरावाला पोहोचते, सात वाजता सुटते, आणि साडेआठला जेवते. म्हणजे दिवसातले सगळ्यात कष्टाचे अडीच तास ती आठ तासांच्या उपासमारीच्या मध्यावर काढते. यावर उपाय अत्यंत साधा आहे आणि त्यानेच मला सगळ्यात जास्त फरक दिसलाय : शाळेच्या दप्तरात दुसरा डबा. गूळ-पोळी, दोन केळी, उकडलेलं रताळं, मूठभर खारे चणे-मनुका. चारला बसमध्येच खायचं.

पन्नास किलोच्या, रोज दोन तास सराव करणाऱ्या मुलीला दिवसाला साधारण ३०० ग्रॅम कर्बोदकं लागतात. सकाळी पोहे, दूध आणि केळं यांतून पंचाहत्तरेक, डब्यातल्या तीन पोळ्या आणि उसळीतून तेवढीच, चारच्या गूळ-पोळीतून तीस, रात्री दोन वाट्या भात, वरण आणि एक पोळी यांतून सव्वाशेच्या आत-बाहेर. आपलं नेहमीचंच जेवण आहे, फक्त वेळेवर.

प्रथिनांकडे मात्र जरा लक्ष द्यावं लागतं. खेळाडूंसाठी दर किलोमागे दिवसाला १.२ ते २ ग्रॅम सांगतात. आपल्या मुलीसाठी ७५ ग्रॅम धरू. वरच्याच ताटात पोळ्यांमधून सुमारे १५, भातातून ८, उसळ-वरणातून १४, पोहे-दाण्यांतून ९, दोन पेले दुधातून १३, म्हणजे साठच्या जवळपास. राहिली पंधरा-सोळा. दोन अंडी आणि वाटीभर दही, किंवा ८०-९० ग्रॅम पनीर, किंवा ३० ग्रॅम सोयाबीन वड्या, किंवा माशाचा एक चांगला तुकडा. कोळंबी-बांगड्याच्या घरात हा प्रश्न जेवणाच्या पहिल्या पाच मिनिटांत सुटतो. ही सगळी प्रथिनं रात्रीच्या एका जेवणात कोंबायची नाहीत, प्रत्येक खाण्यात १५-२० ग्रॅम विभागायची. स्नायू तशीच ती नीट वापरतात.

मग प्रोटीन पावडर कशाला? बहुतेक वेळा कशालाच नाही. आणि तिच्यात एक धोका आहे जो पालकांना सांगितलाच पाहिजे. अशा डब्यांत कधीकधी लेबलवर न लिहिलेली बंदी असलेली द्रव्यं सापडतात, आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांतसुद्धा. उत्तेजक चाचणीचा नियम कडक आहे : शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची, मग ते कसं का गेलं असेना. राष्ट्रीय पातळीकडे निघालेल्या मुलाने सर्दी-खोकल्याचं किंवा दम्याचं औषधसुद्धा डॉक्टरांना "मी खेळाडू आहे" असं सांगूनच घ्यावं. क्रिएटीन या पूरक पावडरवर भरपूर अभ्यास झालाय आणि प्रौढांमध्ये त्याचा उपयोगही दिसतो. पण त्याने अंगात पाणी धरून वजन किलो-दोन किलोने वाढू शकतं, आणि वाढत्या वयाच्या मुलांना मी ते देत नाही.

कॉफीबद्दल प्रौढ खेळाडू नेहमी विचारतात. कॅफीनने सतर्कता वाढते हे खरं आहे, ते बंदीच्या यादीतून २००४ साली निघालं. पण ज्या हातात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक गुण ठरवतो, त्या हाताला कंप सुटणं परवडत नाही. दर किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका, आधी सरावात तपासा, आणि संध्याकाळच्या मॅचसाठी घेतलेली कॉफी रात्री झोप घालवते हे लक्षात ठेवा. अठराच्या आतल्यांना एनर्जी ड्रिंक अजिबात नको.

मुलींचं रक्त, सगळ्यांचं ऊन

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे सरावाच्या हॉलमध्ये दहा मुली असतील तर त्यांतल्या काहींना तो असणार हे गृहीत धरून चालावं. मघाशी सांगितलेली ती बॅटरी ऑक्सिजनवर चार्ज होते, आणि ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन कमी असेल तर रॅलीनंतरची विश्रांती पुरत नाही. बाहेरून ते आळसासारखं दिसतं. "हल्ली मेहनत करत नाही" असा शिक्का बसलेल्या एका मुलीची रक्ततपासणी केली तेव्हा हिमोग्लोबिन आठ निघालं. त्या मुलीने किती महिने टोमणे ऐकले असतील, याचं मला आजही वाईट वाटतं. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) तपासून घ्या.

खाण्यात अळिवाचे लाडू, बाजरी, मटकी, हिरव्या पालेभाज्या, आणि चालत असेल तर मटण, कलेजी, मासे. शाकाहारी पदार्थांतलं लोह शरीर मोठ्या नाखुशीने घेतं, त्यावर लिंबू पिळलं की बरंच जास्त शोषलं जातं. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली पद्धत इथे उपयोगी पडते. जेवणाबरोबरचा चहा मात्र हेच लोह अडवतो, तो तास-दीड तास लांब ठेवा. गुळात लोह असतं, पण थोडंच, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

वजन कमी ठेवण्यासाठी कमी खाणाऱ्या मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते. "खेळाडूंचं असं होतंच" म्हणून ते सोडून देऊ नका. शरीर ऊर्जा पुरत नाही म्हणून एकेक खातं बंद करत असतं, त्यात हाडांचंही. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्याच आठवड्यात जेवण वाढवा.

आणि ऊन. सकाळी शाळा, संध्याकाळी पडदे लावलेला हॉल. या मुलांना सूर्य दिसतो तो रिक्षातून. ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं, कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यावं. फिटनेसचा सराव आठवड्यातून दोन-तीनदा मैदानावर करायला प्रशिक्षक सहसा तयार होतात, विचारून बघा.

रात्री आठ वाजता

शेवटची मॅच साडेसातला संपली, उद्या सकाळी नऊला पुढची फेरी. घरी किंवा लॉजवर पोहोचायला नऊ वाजणार, जेवायला दहा, झोपायला अकरा. रिकामे झालेले साठे भरायला हातात मोजके तास आहेत. खेळ संपल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत स्नायू साखर सगळ्यात वेगाने साठवतात, म्हणून जेवणाची वाट पाहायची नाही. हॉलमधून बाहेर पडतानाच केळं आणि गोड लस्सी किंवा दूध, शक्य असेल तर दोन उकडलेली अंडी. मग गरम वरण-भात, तूप, लिंबू, जमेल ती भाजी. मसालेदार हॉटेलच्या ताटापेक्षा लॉजजवळच्या खानावळीत साधा भात आणि डाळ मागून घ्या, शक्यतो आधीच फोन करून, कारण साडेनऊनंतर खानावळीत भात संपलेला असतो. झोपण्याआधी पाण्याची बाटली भरून उशाशी, आणि उद्याच्या डब्यातली केळी पिशवीत वरच्या बाजूला, बॅटखाली चिरडणार नाहीत अशी.